चिमूटभर जास्त नीळ

"ताई, एक सांगू का? मावशींच्या हातचे लंगोट थेट बाळाला नेसवत जाऊ नका. आधी माझ्या इस्त्रीखालून जाऊ द्यात."

इस्त्रीवाल्यानं हे सांगितलं तेव्हा बाळाच्या आईचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतंच मुळी. ते होतं त्याच्या कॉलरकडे. शर्ट मुळात पांढरा असावा असा संशय घ्यायला जागा होती, पण कॉलरच्या घडीवर घामाची आणि कोळशाची अशी काळी रेघ बसली होती की जणू कुणी पट्टी ठेवून आखली असावी. ज्याला स्वतःची कॉलर सांभाळता येत नाही, तो मावशींच्या धुण्यात खोट काढतोय! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

"का बरं? मावशींच्या धुण्यात वाईट काय आहे?"

"वाईट नाही हो. म्हातारं माणूस आहे... आपलं सहज म्हटलं."

एवढं बोलून त्यानं हातातला उशीचा अभ्रा उलटा केला, दोनदा झटकला, तिला आतून रिकामा दाखवला आणि मग त्याची घडी घातली. ही त्याची नेहमीचीच तऱ्हा. गिऱ्हाइकासमोर प्रत्येक अभ्रा असा जादूगारासारखा झटकून दाखवायचा. तिला तो चोंबडेपणा वाटायचा.

"बघते," ती म्हणाली. तिचं 'बघते' म्हणजे विषय संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इस्त्रीवाल्यालाही कळलं असावं. तो खाली मान घालून निखारे फुंकू लागला.

त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याला नवी कोरी विजेची इस्त्री आणायला लावली. उद्यापासून लंगोट घरीच शेकायचे. त्या कॉलरच्या जवळपाससुद्धा जायला नकोत.

आता तिची बाजूही सांगायला हवी. बाळ आठ महिन्यांचं, पहिलंवहिलं. त्यात तिनं कॉलेजात तीन वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलं, म्हणजे इतर आया ज्यांना नुसते 'जंतू' म्हणतात त्यांना ही नावानिशी ओळखायची. दाराच्या कडीवर कोण बसलंय, पाहुण्यांच्या चपलेबरोबर कोण आलंय, सगळं तिच्या डोळ्यांपुढे. बाळाला घ्यायला कुणी हात पुढे केला की ही आधी त्या हातांची नखं बघायची. नवरा बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचा. घरी आल्यावर दारातच दोन्ही हात वर करून उभा राहायचा. "इन्स्पेक्टरसाहेब, झडती घ्या. बूट बाहेर, मोजे बादलीत, मन साफ."

"मनाचं राहू दे. कोपरापर्यंत धू."

पण गंमत अशी की मनाचं ती राहू देत नव्हतीच. ज्याचे हात स्वच्छ त्याचं मन स्वच्छ, असा तिचा पक्का समज होता. बाळाची डॉक्टरीणसुद्धा तिनं पदव्या बघून नव्हे, दवाखान्याच्या मोरीतला नळ चकचकीत आहे हे बघून निवडली होती. आणि नवरा? पहिल्या भेटीत त्यानं खिशातून कडक इस्त्रीचा रुमाल काढला, तिथेच ही विरघळली. तो रुमाल त्याच्या वहिनीनं खिशात कोंबला होता, हे लग्नानंतर कळलं. तोवर वेळ निघून गेली होती.

अशा बाईला कडकमावशी भेटल्या, म्हणजे दुधात साखरच पडली.

कडकमावशी वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या एका खोलीत एकट्या राहायच्या. आयुष्यभर मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम केलेलं, शेवटी तिथल्या मुकादम होऊन निवृत्त झालेल्या. पण हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. इमारतीतल्या पाचसहा घरांची पांढरी कापडं त्या धुवायच्या. रंगीत कपड्यांना शिवायच्या नाहीत. "रंगीत काय, कुणीही धुतं. त्यात मळ लपतो. पांढऱ्यापुढे खोटं बोलता येत नाही," म्हणायच्या. धुवायचं, खळ द्यायची, निळीत बुडवायचं, गच्चीवर वाळवायचं. मग ज्याच्या त्याच्या नावाचं बोचकं खाली इस्त्रीवाल्याच्या टपरीत जायचं. शुभ्र कापडाला शेवटी चिमूटभर नीळ लागतेच. त्यानं पांढरं अधिक पांढरं दिसतं. ती चिमूट मावशींच्या बोटांत अशी बसलेली, की इस्पितळात म्हणे नव्या मुली त्यांची चिमूट बघायला यायच्या.

आणि त्यांचं तत्त्वज्ञान! "पोरी, देव काही दार वाजवत नाही. तो आधी पायपुसणं बघतो. मळकं दिसलं, की गुपचूप शेजारच्या घरी जातो." जिन्यातून चढणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे त्या अशा बघायच्या की माणूस आपोआप टाचांवर चालू लागायचं. बाळाच्या आईला मात्र हे ऐकून डोळे भरून यायचे. जगात आपल्यासारखं कुणीतरी आहे! साऱ्या इमारतीत बाळाला न विचारता उचलायची मुभा फक्त मावशींना होती. त्यांच्या बोटांना साबणाचा वास यायचा आणि नखं शिंपल्यासारखी असायची.

तर अशा मावशींवर त्या मळक्या कॉलरनं बोट दाखवावं? तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

पुढचे दोन आठवडे छान गेले. मावशींकडून आलेले लंगोट ती स्वतः शेकायची. उलट तिला वाटलं, हल्ली ते जास्तच झकास निघतात. इतके पांढरे की निळसर झाक मारतात. "बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "हा मावशींचा हात."

नवऱ्यानं लंगोट खिडकीशी धरला. "हा हात आहे की आभाळ?"

"तुला पांढरं माहीत आहे का कधी? तुझ्या बनियनला विचार."

मग तो गुरुवार उजाडला. उकाड्याचे दिवस, बाळ रात्रभर घामानं चिकचिकलेलं, पहाटे कुठे डोळा लागला. पडदे ओढलेल्या खोलीत अंधारातच तिनं चाचपडत, आदल्या रात्री आलेल्या आणि अजून न शेकलेल्या बोचक्यातला कोरडा लंगोट नेसवला. बाळाच्या पायाचा एक पापा घेतला, मग दुसऱ्या पायाचा, आणि त्याच्याशेजारी तीही आडवी झाली.

उन्हं वर आल्यावर तिनं पडदा सारला, लंगोट सोडला, आणि तिच्या घशातून जी किंकाळी निघाली ती थेट गच्चीपर्यंत गेली.

बाळ निळं होतं.

सगळं नाही. पण कमरेपासून मांड्यांपर्यंत, आणि विशेषतः मागून, बाळ स्वच्छ, टवटवीत, शाईच्या दौतीसारखं निळं होतं. आणि वर हसत होतं. हसतंय, हे तिला दिसलंच नाही. निळं म्हणजे श्वास अडकला, निळं म्हणजे रक्त, निळं म्हणजे काळीज. पुस्तकातली सगळी पानं एकदम डोळ्यांपुढे फडफडली. तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि धावली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. टपरीसमोरून जाताना इस्त्रीवाला "ताई, काय झालं?" करत बाहेर आला, पण ती थांबते कशाला!

दवाखान्यात सात माणसं रांगेत होती. तिचा चेहरा बघून सातही उठून उभी राहिली.

"डॉक्टर, बाळ... बाळ निळं पडलंय!"

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत. त्यांनी बाळाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. "आधी तुम्ही बसा. निळे ओठ तर तुमचे आहेत."

तिनं ओठांवर हात फिरवला. बोट निळं! हात बघितले, तर तेही निळे!

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा पाण्यात भिजवला आणि बाळाच्या ढुंगणावरून अलगद फिरवला. बोळा निळा झाला आणि ढुंगण गुलाबी. मधोमध गुलाबी पट्टा आणि दोन्ही बाजूंना निळं, असं ते एखाद्या झेंड्यासारखं दिसू लागलं. बाळाला गुदगुल्या झाल्या, ते खिदळलं, आणि त्यानं डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर नेम धरून शू केली.

"छाती स्वच्छ, श्वास उत्तम, नेमही उत्तम," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "बाळ निळं पडलेलं नाही हो. बाळ रंगलंय. कपड्यांची नीळ आहे ही, घामानं उतरली. कोमट पाण्यानं धुवा, जाईल. अंगावर पुरळ नाही, काही नाही. पण इतकी नीळ लंगोटात घालतं कोण?"

बाहेरच्या सात माणसांना दाराआडून सगळं ऐकू गेलं होतं. ती बाहेर आली तेव्हा सातही जणांनी माना खाली घातल्या होत्या आणि सातही जणांचे खांदे हलत होते.

भीती ओसरली की तिची जागा बहुतेक वेळा राग घेतो. परतताना ती चरफडत होती. विश्वासानं दिलं होतं! बाळाच्या अंगाला लागणारं कापड! मावशी असल्या म्हणून काय झालं, आज चांगलं खडसावते. टपरीपाशी इस्त्रीवाला नव्हता. बाकावर इस्त्रीतले निखारे नुसतेच धुमसत होते. ती तरातरा जिने चढली आणि दोन तऱ्हांच्या चपला वाजवत गच्चीच्या दारात येऊन थबकली.

गच्चीवर ओळीनं आभाळ वाळत घातलं होतं. चादरी, उशीचे अभ्रे, टॉवेल, शर्ट, सगळं निळं. कुठे फिकं, कुठे गडद. आणि त्या निळ्या ओळींच्या मधोमध कडकमावशी पाटावर बसून एक लंगोट उजेडाकडे धरून निरखत होत्या. आपल्याशीच पुटपुटत होत्या, "नाहीच गं जात. पिवळंच राहतंय. किती घालू आणखी?" आणि त्यांनी निळीच्या डब्यात हात घातला. चिमूट नव्हे, मूठ.

"मावशी!"

"कोण, तू? ये पोरी. बघ गं, तुझी नजर तरुण आहे. हे पिवळं का जात नाहीये?"

तिच्या जिभेवर आणून ठेवलेलं सगळं जागच्या जागी विरलं. मावशींच्या हातातला लंगोट मोराच्या मानेइतका निळा होता.

सूक्ष्मजीवशास्त्रानं तिला एवढं एक शिकवलं होतं, की आधी तपासायचं, मग बोलायचं. तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सोडलं. तिनं स्वतः कालच धुतलेलं, आतले बाळाचे निळे डाग सोडले तर पांढरंफटक. ते मावशींच्या मांडीवर एका बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला तो निळा लंगोट.

"मावशी, यातलं पांढरं कुठलं?"

मावशींनी मान वाकडी केली, डोळे बारीक केले. मग निळ्या लंगोटावर बोट ठेवलं. "हे त्यातल्या त्यात बरं. ते दुसरं कुणाचं गं? चहात बुडवल्यासारखं दिसतंय. रागावू नकोस, पण कुणी फार आळशी बाई दिसते."

त्या आळशी बाईनं बाळाला कडेवरून खाली ठेवलं आणि मावशींच्या समोर उकिडवी बसून त्यांच्या डोळ्यांत बघितलं. इतक्या दिवसांत तिनं त्यांची नखं बघितली होती, डोळे कधी बघितलेच नव्हते. बुबुळांच्या मागे दुधाची साय धरल्यासारखं काहीतरी होतं.

"किती दिवस झाले मावशी, पिवळं दिसतंय?"

कडकमावशींचा कडकपणा एकदम उतरला. "वर्ष होऊन गेलं असेल. आधी कापडं पिवळी. मग भिंती. मग दूध. तुझ्या बाळाचे दोन दात आले ना, तेही मला पिवळे दिसले, मी बोलले नाही. पोरी, कापड मळत नाहीये. माझाच हात मळलाय. मनातला मळ हातात उतरतो." मग त्या हळूच म्हणाल्या, "भाच्याला कळवलंय मी. येत्या रविवारी तो न्यायला येणार आहे. त्याच्याकडे जाऊन पडून राहते. ज्या हातानं पांढरं निघत नाही त्या हातानं लोकांची कापडं धुवू नयेत."

"मनातला मळ? तुमच्या?"

तेव्हा मावशी उठल्या, खोलीत गेल्या, आणि ट्रंकेखालून एक उशीचा अभ्रा घेऊन आल्या. कोपऱ्यावर बारीक वेलबुट्टी होती.

"हा माझा हरवला होता. दोन वर्षांपूर्वी. मी खाली जाऊन चार लोकांसमोर इस्त्रीवाल्याला चोर म्हटलं. त्याची कॉलर बघूनच म्हटलं, खोटं कशाला बोलू. ज्याची कॉलर अशी, त्याची नियत कशी असेल! तो नुसता बघत राहिला गं. मग आठ महिन्यांनी झाडताना हा ट्रंकेखाली सापडला. जीभ उचललीच नाही माझी. आज सांगू, उद्या सांगू. आणि त्यानंतरच हे सगळं पिवळं पडत गेलं."

बाळाच्या आईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. अभ्रा उलटा करणं, दोनदा झटकणं, आत काही लपवलेलं नाही हे दाखवणं! तो चोंबडेपणा नव्हता. आणि 'कॉलर बघूनच म्हटलं' हे वाक्य तर तिच्याच तोंडून निघाल्यासारखं होतं.

मग तिच्या डोक्यात दुसरी ट्यूब पेटली. गच्चीवरचं सगळंच जर असं निळं आहे, तर खालच्या मजल्यावरची माणसं पांढरे शर्ट घालून कशी फिरतात? मधे कोण आहे?

ती बाळाला घेऊन खाली धावली. टपरीच्या मागच्या अंगाला, नळाखाली इस्त्रीवाला बाह्या सरसावून बसला होता. पुढ्यात बादली, बादलीत कुणाची तरी चादर, आणि पाणी निळंशार. तिला बघून तो चोरी पकडल्यासारखा उठला.

"बाळ बरं आहे ना ताई? मी आलो होतो मागं, पण तुम्ही वाऱ्यासारख्या..."

"हे तुम्ही केव्हापासून करताय?"

"काय?"

"हे. नीळ काढणं."

तो कान खाजवू लागला. "झाले की चारसहा महिने. दोनदा साध्या पाण्यातून काढली की येतात ताळ्यावर. मग वाळवायची, मग इस्त्री. कुणाला कळत नाही."

"सांगितलं का नाहीत मला स्पष्ट?"

"काय सांगू ताई? की मावशींचा हात गेला? उद्या सगळ्यांनी धुणं बंद केलं तर ती बाई जगेल का? म्हणून म्हटलं, लंगोट माझ्याकडून जाऊ द्यात. बाकीच्यांचं झाकलं जातंय, तुमचंही झाकलं असतं." मग त्यानं स्वतःच्या कॉलरकडे बोट केलं आणि ओशाळून हसला. "सगळ्यांचे शर्ट धुता धुता आपला राहतो बघा. दिव्याखाली अंधार."

ती एवढंच म्हणाली, "चला वर. मावशींना तुमच्याशी बोलायचंय." आणि मग, घाईघाईनं, "आणि मलाही. पण माझं नंतर."

गच्चीवर त्या निळ्या चादरींच्या मधे दोघं समोरासमोर उभे राहिले. मावशींनी अभ्रा पुढे केला.

"तू चोर नव्हतास," त्या म्हणाल्या. "मी होते. वर्षभर तुझी अब्रू ट्रंकेखाली ठेवून झोपत होते."

इस्त्रीवाल्यानं अभ्रा घेतला. सवयीनं उलटा केला, दोनदा झटकला. मग आपण काय करतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. बराच वेळ तो वेलबुट्टीवरून अंगठा फिरवत राहिला. डोळे पुसताना त्यानं कोळशाची एक रेघ गालावरही ओढून घेतली.

"सापडला ना? झालं तर मग," तो म्हणाला. "माझी बायको दोन वर्षं विचारतेय, अहो खरंच नाही ना घेतलात? आज तिला नेऊन दाखवतो. संध्याकाळी परत करीन हां मावशी. लिहून देऊ का?"

मावशी हसायला गेल्या आणि रडल्या. बाळाला हा प्रकार फार आवडला असावा. त्यानं टाळ्या पिटल्या.

"आता माझं ऐका," बाळाची आई म्हणाली. "मावशी, तुमचा हात मळला नाही, की मन मळलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यातून सगळं पिवळं दिसतं. पिवळं दिसतं म्हणून तुम्ही नीळ घालता, तरी पिवळंच दिसतं म्हणून आणखी घालता."

"पण मी तर खोटं वागले ना?"

"वागलात. ते आत्ता निघालं, कोपऱ्यावरच्या वेलबुट्टीसकट. आता उरलं ते डॉक्टर काढतील."

"डोळ्यात सुरी घालतील?" मावशी दोन पावलं मागे सरकल्या. "छे बाई. त्यापेक्षा भाचा बरा."

मग विनवण्या झाल्या, दटावण्या झाल्या. शेवटी मावशी एका अटीवर तयार झाल्या. जिथे आपल्याला झोपवणार तिथली चादर पांढरी आहे की नाही, हे आधी पोरीनं जाऊन बघायचं. आणि त्या बापड्या पोरीनं खरंच तसं केलं. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन तिनं शस्त्रक्रियेच्या खोलीतली चादर उलटून पालटून तपासली. तिथली परिचारिका म्हणाली, "बाई, रुग्ण तुमच्या कोण?" ती म्हणाली, "आमच्या मुकादम."

रविवारी भाचा आला तो ट्रंक न्यायला. इस्त्रीवाल्यानं त्याच्या हातात ट्रंकेऐवजी चहा दिला आणि सगळी हकिगत ऐकवली. भाचा भला माणूस. तोही दवाखान्यात येऊन बसला.

आधी एकाच डोळ्याचं काम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा मावशींनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? डॉक्टरांचा खिसा. "डॉक्टर, कोटाला शाईचा डाग आहे. लिंबू चोळा, उन्हात ठेवा." मग पोरीकडे वळल्या. एक डोळा झाकला, उघडला, दुसरा झाकला. "अगंबाई! या डोळ्यानं तू शिळी दिसतेस आणि या डोळ्यानं ताजी!" सगळ्या रुग्णांकडे, भाच्याकडे, छताकडे त्या असंच आलटून पालटून बघत राहिल्या. "शिळा. ताजा. शिळा. ताजा." भाच्याला हसून हसून ठसका लागला.

खरी मजा गच्चीवर आली. दोरीवर त्यांनीच शस्त्रक्रियेआधी धुतलेली एक चादर मुद्दाम तशीच ठेवली होती. मावशी दारातच थांबल्या.

"हे कुणी केलं?"

सगळ्यांनी बाळाच्या आईकडे बघितलं.

"कोणत्या गाढवानं इतकी नीळ घातली म्हणते मी! चादर आहे का शाईचा कागद?"

"तुम्हीच," बाळाची आई म्हणाली.

मावशींनी चादरीकडे बघितलं. मग बाळाच्या निळ्या प्रकरणाची सगळी गोष्ट त्यांना सांगण्यात आली. चपलांसकट, ओठांसकट, सात माणसांच्या खांद्यांसकट. त्या पाटावर बसल्या आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, कुणाला लागलं का?

हसू आवरता आवरता त्यांची नवी नजर इस्त्रीवाल्याच्या मानेवर गेली आणि तिथेच खिळली. "अरे देवा! ही कॉलर अशी आहे? मला तर अर्धीच दिसत होती! काढ तो शर्ट."

"मावशी, टपरी उघडी आहे, गिऱ्हाइकं..."

"काढ म्हणते ना!"

त्या दिवशी दिवसभर इस्त्रीवाला बनियनवर उभा राहून लोकांचे कपडे शेकत होता आणि वर गच्चीवर त्याचा शर्ट एकटाच, दोन्ही बाह्या पसरून, वाऱ्यावर डुलत होता. निळीची फक्त एक चिमूट.

संध्याकाळी बाळाची आई लंगोटांचं बोचकं घेऊन टपरीत गेली. राहिलेलं बोलायचं होतं. 'माफ करा' एवढे दोनच शब्द जिन्यात सात वेळा घोकून आली होती. पण ऐन वेळी तिनं काय केलं, तर बाळच त्याच्यापुढे धरलं. "जरा घेता का? मला बोचकं सोडायचंय."

त्यानं आधी हात धोतरासारख्या लांब फडक्याला खसाखसा पुसले, मग नखं तिच्यापुढे धरली. त्याला कसं कळलं होतं कोण जाणे!

"राहू द्या हो," ती लाजून म्हणाली. "घ्या."

त्यानं बाळाला घेतलं आणि गालाला अलगद अंगठा लावला. गालावर कोळशाचं एक गोल बोट उमटलं. तिनं ते बघितलं. हात रुमालाकडे गेला. तिनं तो मागे घेतला. बाळ इस्त्रीवाल्याच्या स्वच्छ पांढऱ्या कॉलरला धरून ओढत होतं आणि तो "अरे अरे, आत्ताच मिळालाय" करत होता. ती तशीच उभी राहिली. दहा मिनिटं. मग पुसलं. पण दहा मिनिटं म्हणजे तिच्या मानानं तपश्चर्याच झाली. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो उठून उभाच राहिला आणि म्हणाला, "इन्स्पेक्टरसाहेब, राजीनामा दिलात की काय?"

राजीनामा कसला! ती अजूनही कोपरापर्यंतच हात धुवायला लावते. फक्त हल्ली ती नखं बघून झाल्यावर डोळ्यांकडेही बघते.

आणि हे वाचणाऱ्यांकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत असं कुणीतरी असेलच, ज्याच्या उंबऱ्याकडे बघून लोक आपल्या पायांची धूळ झटकतात. आणि हल्ली त्यांची कापडं जरा निळसर, नाहीतर भांडी जरा ओशट, नाहीतर अंगणाचा एक कोपरा झाडायचा राहिलेला दिसत असेल. नाक मुरडू नका. त्यांच्या मनाचा मळ तर मोजूच नका. आजच, उजेड आहे तोवर जा. पांढरं कापड एक बरोबर न्या, त्यांच्या मांडीवर पसरा आणि सहज विचारल्यासारखं विचारा, "मावशी, हे कोणत्या रंगाचं दिसतंय हो तुम्हाला?"